बादली कुठे आहे?

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेलं हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



गेल्या महिन्यात या कट्ट्यावर गुडघेदुखीवर व्याख्यान झालं. त्याच्या आधी मृत्युपत्रावर. दोन्ही आपल्या उपयोगाचे विषय. या वेळी समितीने मला गाठलं आणि वर बजावलं, "साहेब, बँकेतलं काही नको. दुसरं काहीतरी सांगा." छत्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला ही अट म्हणजे शिक्षाच. म्हणून मी आज समुद्रावर बोलणार आहे.

आधीच खुलासा करतो. माझा आणि समुद्राचा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरता, आणि त्यातही मला पोटात ढवळतं. मला पोहता येत नाही. शिडाच्या बोटीत मी आजवर पाय ठेवलेला नाही. मी जे सांगणार आहे ते पुस्तकात वाचलेलं, आणि शेवटी एक गोष्ट आमच्या घरातली. घरातली गोष्ट सांगायला मी हिची परवानगी घेतलेली आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. कुठे चुकलो तर तिथूनच दुरुस्त करेल.

गोष्ट आहे एका नवरा-बायकोची. त्याचं नाव माइल्स स्मीटन, तिचं बेरिल. दोघं इंग्रज. ती १९०५ सालची, तो १९०६ चा. म्हणजे बायको थोडी मोठी. माइल्स हिंदुस्थानी लष्करात होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात मैक्तिलाच्या लढाईत प्रोबिन्स हॉर्स ही रणगाड्यांची पलटण त्याच्या हाताखाली होती. ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाला. बेरिल त्याच्याहून वस्ताद. लग्नाआधी १९३० च्या दशकात ही बाई एकटी आशिया खंडातून फिरलेली. १९३९ साली दोघांनी हिंदुकुशमधल्या तिरिच मीर या शिखरावर चढाई केली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक तरुण शेर्पा होता. त्याचं नाव तेनसिंग. पुढे १९५३ साली एव्हरेस्टवर गेला तोच. तिरिच मीरच्या माथ्यापर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत, परत फिरले. हे परत फिरणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्ध संपल्यावर ही मंडळी कॅनडाच्या पश्चिमेला सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर शेती करायला गेली. आणि इथे मला, बँक नको म्हटलं तरी, थोडी बँक आणावीच लागते. त्या काळात ब्रिटनमध्ये कडक परकीय चलन नियंत्रण होतं. इंग्लंडमधला स्वतःचा पैसा कॅनडात न्यायची सोय नव्हती. आपल्याकडे जसा पुढे 'फेरा' कायदा होता, तशातलाच प्रकार. मी फॉरेन एक्स्चेंज खात्यात सहा वर्षं काढली, लोक काय काय युक्त्या करतात ते पाहिलेलं आहे. पण यांची युक्ती ऐकून मीही हात टेकले. पैसा नेता येत नाही ना, मग त्या पैशाची इंग्लंडमध्ये बोट घ्यायची, ती समुद्रातून कॅनडाला न्यायची आणि तिथे विकायची! बोट चालवता येत नाही ही किरकोळ अडचण. ती वाटेत शिकू.

आणि शिकले. लहान मुलगी क्लिओ, तिला घेऊन अटलांटिक ओलांडून, पनामा कालव्यातून बोट घरी आणली. विकायची मात्र राहूनच गेली. आपल्याकडे घरी आणलेलं मांजराचं पिल्लू जसं 'दोन दिवसांनी देऊन टाकू' म्हणत कायमचं राहतं, तसं झालं.

बोटीचं नाव 'त्झू हँग'. लांबी ४६ फूट, दोन डोलकाठ्या, हाँगकाँगला बांधलेली, सागवानी. नावाचा संबंध चिनी लोकांच्या क्वान यिन या करुणेच्या देवीशी आहे, माणसाला तारून नेणारी तिची नाव. आता क्वान यिन म्हणजे मुळात कोण? आपला बौद्ध अवलोकितेश्वर. मी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तीन वर्षं होतो. तिथल्या लेण्यांपैकी सातव्या लेण्यात या अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ भयं कोरलेली आहेत. आग, चोर, हत्ती, सिंह, साप अशी. त्यांत एक आहे बुडणारी नाव. नावेतली माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत. रविवारी पाहुण्यांना दाखवायला मी तिथे किती वेळा गेलो असेन, पण ती नाव मला खऱ्या अर्थाने दिसली हे पुस्तक वाचल्यावर.

आता मुख्य प्रवास. १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक झालं, तेव्हा ही जोडी बोटीसह तिथे होती. मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला. तिच्याकडे जायचं तर सरळ मार्ग सोडून यांनी ठरवलं, दक्षिण पॅसिफिक ओलांडायचा, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालायचा आणि फॉकलंड बेटांवर पहिला मुक्काम करायचा. सहा हजार मैलांहून जास्त पल्ला, मध्ये थांबायला काही नाही. बरोबर जॉन गझवेल नावाचा एक तरुण मित्र. हा उत्तम सुतार. साडेवीस फुटांची एक चिमुकली बोट स्वतःच्या हाताने बांधून जगप्रदक्षिणेला निघालेला. आपली बोट न्यूझीलंडला ठेवून तो यांच्याबरोबर आला. आणि चौथी सभासद म्हणजे सयामी मांजर, नाव प्वे.

हा समुद्र असा भयंकर का, हे मला कळत नव्हतं. एका रात्री मी हिला विचारलं. ही महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "अहो, त्यात काय? गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास. किती वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलंय." मग तिने जेवणाच्या टेबलावर मोसंबं ठेवून समजावून सांगितलं. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती गोल फिरत राहतात. लाटांनाही आडकाठी नाही. हजारो मैल धावत आलेली लाट मोठी मोठी होत जाते. केप हॉर्न छप्पन्न अंशांवर आहे. तिथे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या फटीतून हे सगळं वारं-पाणी एकदम घुसतं. २०१८ च्या जानेवारीत आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यात बांधलेली 'तारिणी' घेऊन हाच वळसा घालून आल्या, तेव्हा पेपरात फोटो आला होता. ही तो कापून शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना दाखवत फिरत होती.

२२ डिसेंबर १९५६ ला त्झू हँग मेलबर्नहून निघाली. जवळजवळ आठ आठवडे ठीक गेले. १४ फेब्रुवारी १९५७ च्या सकाळी ते चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार मैलांवर होते. मोठं वादळ. सगळी शिडं उतरवलेली, नुसत्या डोलकाठ्यांवर वारा घेऊन बोट पुढे पळत होती. वेग आवरावा म्हणून मागे साठ वाव, म्हणजे ३६० फूट जाड दोरखंड सोडलेला. जे जे करायला हवं ते केलेलं होतं. सुकाणूवर बेरिल एकटी. माइल्स आणि जॉन खाली केबिनमध्ये आपापल्या बिछान्यावर.

बेरिलने मागे वळून पाहिलं तर पाण्याची भिंत. अशी लाट तिने कधी पाहिली नव्हती. पुढचं ऐका. बोटीचा मागचा भाग लाटेने उचलला, पुढचं टोक पाण्यात घुसलं आणि ४६ फुटांची ती सागवानी बोट चक्क कोलांटी खाऊन उलटी झाली. शेपटीवरून डोक्यावर. पुन्हा सरळ झाली तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, सुकाणू गेलेलं, केबिनवरचं लाकडी छप्पर उखडून गेलेलं. तिथे साधारण सहा फूट लांब-रुंद भगदाड. आत पाणीच पाणी. आणि बेरिल बोटीवर नाही. तिच्या कमरेची दोरी तुटली होती.

माइल्स धडपडत वर आला. काही अंतरावर समुद्रात बायकोचं डोकं दिसलं. चेहरा रक्ताने भरलेला. ती बोटीकडे पोहत येत होती. खांद्याला जबर मार बसलेला, एक हात धड चालत नव्हता, तरी आली. दोघांनी ओढून वर घेतलं.

आता मंडळी, या क्षणाचा विचार करा. जवळचा किनारा हजार मैलांवर. रेडिओवरून मदत मागायची सोय नाही. बोट पाण्याने भरलेली, वर भगदाड, तशीच दुसरी लाट आली की संपलं. माइल्स हा लढाया केलेला माणूस, पण त्यानेच लिहिलंय की आता आपला शेवट आला असं त्याला वाटलं. आणि त्या बाईने, कपाळ फुटलेल्या, एक हात लुळा झालेल्या बाईने, पहिली गोष्ट काढली ती बादल्यांची. त्या कुठे असतील हे तिला माहीत होतं. त्या आणायला ती गेली.

मग तिघांनी पाणी उपसायला सुरुवात केली. बादली भरायची, वर द्यायची, ओतायची. तासन् तास. जॉनने हाताला लागतील त्या फळ्या आणि शिडाचं कापड घेऊन भगदाडावर ठोकून टाकलं. मांजर भिजून चिंब झालेलं, पण जिवंत सापडलं. दुसरी लाट आली नाही असं नाही, वादळ चालूच होतं. पण तोपर्यंत बोटीला झाकण लागलं होतं.

पुढचे दिवस सुतारकामाचे. जॉनने तुटक्या लाकडांतून एक छोटी डोलकाठी उभी केली, सुकाणूच्या जागी एक लांब वल्हं बनवलं. असं करत करत, केप हॉर्नचा नाद सोडून, मार्च महिन्यात ते चिलीच्या कोरोनेल या कोळशाच्या बंदरात स्वतःच्या बळावर पोहोचले. त्यांना कोणी ओढून नेलं नाही.

माइल्सने यावर पुस्तक लिहिलं, 'वन्स इज इनफ', १९५९ साली आलं. म्हणजे 'एकदा पुरे'. ते मी नोकरीत असताना हुतात्मा चौकातल्या फूटपाथवरून वीस रुपयांना घेतलं होतं आणि न वाचता माळ्यावर टाकलं होतं. ते कसं खाली आलं, ती घरातली गोष्ट.

२०१२ साल. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, हीसुद्धा. हिच्या फंडातले पाच लाख रुपये हिने मला न सांगता एका पतसंस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के व्याज जास्त. शाळेतल्या बऱ्याच शिक्षिकांनी ठेवले, म्हणून हिनेही ठेवले. पतसंस्था बुडाली. एक दिवस दाराला कुलूप आणि बाहेर गर्दी.

मी बँकेचा माणूस. शेकडो खातेदारांना मी सांगितलेलं असणार की जास्त व्याज म्हणजे जास्त धोका. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण नसतं, हे मी अर्ध्या झोपेत सांगू शकतो. आणि माझ्याच घरात हे! मला पैशापेक्षा अपमान जास्त लागला. मी हिला पहिला प्रश्न विचारला तो, "तुला कोणी सांगितलं होतं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. मुलासमोर, सुनेसमोर तोच. "मला एका शब्दाने विचारलं असतंस तर?" हा दुसरा. आठवड्यातून चार वेळा तरी होत असेल. मग हिने बोलणंच बंद केलं. "ताट वाढलंय", "दूधवाल्याचे पैसे द्या", एवढंच. आठ महिने असे गेले. बाहेरच्या कोणाला कळलं नाही. इथे खाली येऊन आम्ही दोघं गणपतीच्या आरतीला शेजारी शेजारी उभे राहत होतो.

दिवाळीच्या आधी माळा साफ करायला काढला. ही खाली स्टूल धरून उभी, मी वर, दोघं गप्प. त्यात हे पुस्तक हाती लागलं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वाचायला घेतलं.

बादलीच्या पानापर्यंत आलो आणि पुस्तक मिटून बसलो. त्या सकाळी सुकाणू बेरिलच्या हातात होतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर ड्यूटीवर ती होती. चौकशी बसली असती तर पहिला मेमो तिला. पण मी ते पुस्तक दोनदा वाचलं, त्यात माइल्सने कुठे तिला दोष दिलेला मला आढळला नाही. बोट तूच चालवत होतीस ना, असं एक वाक्य नाही. वेळ नव्हता म्हणून? तेव्हा नसेल. पण पुढे पाच आठवडे होते, ओल्या बिछान्यात पडून बोलायला. नंतर आयुष्यभर होतं.

मी हिशेब केला. हिशेब करणं ही माझी सवय. आठ महिन्यांत 'कोणी सांगितलं होतं' हा प्रश्न मी शंभराच्या वर वेळा विचारला असेल. 'पावत्या कुठे आहेत' हा प्रश्न एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, "अगं, त्या पावत्या कुठे आहेत?"

ही उठली, कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. बरोबर अकरा शिक्षिकांची नावं, फोन नंबर, कोणाचे किती अडकले त्याची यादी. आणि उपनिबंधकांना लिहायच्या अर्जाचा अर्धवट कच्चा मसुदा. ही म्हणाली, "पुढचं मला जमत नव्हतं. तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्ही विचारू देत नव्हता."

मंडळी, माझ्या घरातली बादली आठ महिने भरून न्यायला तयार होती. उपसायला माणूस नव्हता.

मग आम्ही कामाला लागलो. अर्ज केले, अवसायकाकडे दावे भरले, त्या अकरा जणींचेही भरले. पुढे बातमी पसरली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी दहा-पंधरा ठेवीदार बसायचे. आपल्यापैकी काहींना आठवत असेल, वॉचमन विचारायचा, "साहेब, ट्यूशन सुरू केली का?" तीन वर्षांत पाच लाखांतले सव्वादोन लाख परत आले. बाकीचे गेले ते गेले. सगळं मिळालं असं मी सांगणार नाही. त्झू हँगच्या डोलकाठ्याही समुद्रातून परत आल्या नाहीत.

जाता जाता उपयोगाचं सांगून टाकतो, नाहीतर समिती म्हणेल वेळ घालवला. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. तेव्हा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून धावू नका. आणि धावलातच, तर घरात सांगून धावा. आणि घरातल्यांनो, कोणी सांगितलं, तर आधी पावत्या मागा.

आता स्मीटनांची गोष्ट पुरी करतो, कारण ती कोरोनेलला संपत नाही. चिलीच्या नौदलाच्या ताल्काह्वानोच्या गोदीत बोट दुरुस्त झाली. जॉन आपल्या जगप्रदक्षिणेला परत गेला आणि १९५९ साली त्याने ती पुरीही केली. आता बोटीवर उरले नवरा, बायको आणि मांजर. डिसेंबर १९५७ ला ती दोघं पुन्हा केप हॉर्नच्या वाटेला लागली. पहिल्या वेळी वाऱ्याबरोबर पळताना उलटलो होतो, म्हणून या वेळी वादळ आल्यावर त्यांनी बोट न पळवता, शिडं उतरवून तशीच तरंगत ठेवली. २६ डिसेंबरला लाटेने बोट आडवी लोळवली, पूर्ण गोल. डोलकाठ्या पुन्हा गेल्या. पहिला उपाय केला तेव्हाही उलटली, त्याच्या उलट उपाय केला तेव्हाही उलटली. आपण मंडळी नेहमी म्हणतो, 'मी तेव्हाच सांगत होतो, तसं केलं असतं तर असं झालं नसतं.' काही काही समुद्र असे असतात की तसं केलं असतं तरी तेच झालं असतं.

पण एक फरक होता. पहिल्या अपघातानंतर बोट जास्त मजबूत केली होती, त्यामुळे या वेळी तसं भगदाड पडलं नाही आणि दोघंही आत होती. पुन्हा बादल्या. पुन्हा कामचलाऊ डोलकाठी. या वेळी सुतार मित्र नाही, दोघांनीच केलं. तिनेही, त्यानेही. आणि वालपराइसो बंदर गाठलं. तिथून त्झू हँग आगबोटीवर चढवून इंग्लंडला रवाना केली.

दोनदा परत फिरले. लोक हसले असतील. 'एकदा पुरे' नावाचं पुस्तक लिहिणाऱ्याला दोनदा बुडायला आलेलं, हा विनोद मी केलेला नाही, त्यांच्याच नशिबाने केला. त्यानंतर दहा वर्षं ती दोघं त्याच बोटीतून जगभर फिरत राहिली. आणि १९६८ च्या डिसेंबरात त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. तोही पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, जास्त अवघड बाजूने. बरोबर एक तरुण मित्र होता. तेव्हा माइल्सचं वय ६२, बेरिलचं ६३. आपल्या कट्ट्यावर प्रवेश मिळायला साठ लागतात. म्हणजे ती दोघं आपली रीतसर सभासद झाली असती.

नंतर समुद्र सोडून ती कॅनडात कॅलगरीजवळ कोक्रेन इथे स्थायिक झाली. घरी बसली का? नाही. वन्यप्राण्यांसाठी राखीव जागा सुरू केली. स्विफ्ट फॉक्स नावाचा एक छोटा कोल्हा कॅनडातून नाहीसा झाला होता. त्याच्या जोड्या अमेरिकेतून आणून वाढवायला घेतल्या, आणि पुढे तो कोल्हा तिथल्या माळावर परत आला. बेरिल १९७९ साली गेली, माइल्स १९८८ साली.

ही जोडी आपल्यासारखी नाही, हे मला कळतं. मी काही उद्या हिला घेऊन केप हॉर्नला निघालेलो नाही. कुडाळला जायचं तरी आम्ही खालचे बर्थ मिळाले का बघतो. पण बोट आणि घर, बोट आणि सोसायटी, यांत मला फार फरक वाटत नाही. थोड्या जागेत, एकमेकांपासून पळून जाता येणार नाही अशी माणसं असतात, आणि पाणी कधीतरी आत येतंच.

आपल्याकडे तर खरोखरच आलं होतं. २६ जुलै २००५. पंप रूम बुडाली, मीटर बंद, तळमजल्यावर गुडघाभर पाणी. मला आठवतं, त्या रात्री ए विंग, बी विंग काही राहिलं नाही. तळमजल्यावरच्यांचे गाद्या-गॅस वर नेले, दुसऱ्या मजल्यावर पिठलं-भात झाला, पोरांनी साखळी करून पहाटेपर्यंत पाणी उपसलं. कोणी कोणाला विचारलं नाही, गटार साफ करायचं काम कोणाचं होतं. ते आपण विचारलं दहा दिवसांनी, सर्वसाधारण सभेत. साडेतीन तास विचारलं. दोन घरं त्यानंतर बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्यातलं एक घर माझं होतं, हे इथे बसलेल्या जुन्या सभासदांना माहीत आहे. विचारायला हवंच. हिशेब, जबाबदारी, ऑडिट, या सगळ्यावर माझं आयुष्य गेलंय, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्याचा नंबर दुसरा. पहिला नंबर बादलीचा.

आता पंचवीस वर्षं झाली आपल्या सोसायटीला. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आलाय, दुरुस्ती की पुनर्विकास ही चर्चा सुरू होणार आहे. पाणी आत येणार आहे, मंडळी. प्रत्येकजण म्हणणार, मी तेव्हाच सांगत होतो. मीही म्हणेन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मला एवढंच विचारा, "साहेब, बादली कुठे आहे?"

शेवटचं. त्या आठ महिन्यांबद्दल मी हिची माफी कधी मागितली नव्हती. पावत्या विचारल्या, अर्ज लिहिले, त्यात सगळं आलं असं धरून चाललो. ते धरून चालायचं नसतं. आज सगळ्यांच्या समोर मागतो, कारण तेव्हा बोललोही सगळ्यांच्या समोरच होतो.

(इथे तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "कळलं, कळलं. आता बसा, चहा गार होतोय." तेव्हा भाषण इथेच संपलं. तसंच छापावं, ही विनंती.)